हिरडीत अडकलेला पुढचा दात : काढायचा की खाली आणायचा?

प्रश्न असा आला आहे : "माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे. वरचा उजवा पुढचा दात तो सात वर्षांचा असताना आला. डाव्या बाजूचा दुधाचा दात तेव्हाच पडला, पण त्या जागी अजून काहीच आलेलं नाही. शेजारचा छोटा दात मात्र आला आणि आता मोकळ्या जागेत कलायला लागलाय. एका डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दुसऱ्यांनी एक्स-रे काढला. वर एक जास्तीचा दात आहे आणि त्याच्यामुळे खरा दात अडकलाय, दोन्ही काढून टाकू आणि मोठेपणी इम्प्लांट करू, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणतात, याच्या बाबांचेही दात उशिराच आले होते. मला पूर्ण भूल देण्याची फार भीती वाटते. धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे. काय करू?"

ताई, तो दात एवढ्यात काढू देऊ नका. एका एक्स-रेवर असा निर्णय होत नाही, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तर तो वाचण्यासारखा वाटतो. पण 'अजून थोडं थांबू' हेही आता चालणार नाही. यातून मार्ग आहे. तो लांबचा आहे, वर्ष-दीड वर्ष खाणारा आहे. मी सव्वीस वर्षं मुलांच्या दातांना तारा लावते आहे आणि या मार्गानं बऱ्याच मुलांना नेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. काही घरांत दात उशिराच येतात. पण उशीर असेल तर तो दोन्ही बाजूंना सारखा असतो. उजवा दात आठवीच्या वर्गातला आणि डावा अजून बालवाडीत, असं शरीर करत नाही. वरचे मधले दोन दात साधारण सात ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात आणि एकामागोमाग दुसरा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दिसतो. आम्ही सहा महिने धरतो. एक दात येऊन सहा महिने उलटले आणि जोडीदाराचा पत्ता नाही, तर एक्स-रे काढायचा. दुसरी खूण म्हणजे क्रम मोडणं. आधी मधले दात आणि मग, आठ-नऊच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे छोटे दात, असा क्रम असतो. शेजारचा आधी आला आणि मधला आलाच नाही, तर मधल्याच्या वाटेत काहीतरी आहे असं समजायचं. तुमच्या मुलात या दोन्ही खुणा आहेत आणि अडीच वर्षं गेली आहेत. ज्यांनी थांबायला सांगितलं त्यांनी कदाचित मुलगा साडेसात वर्षांचा असताना पाहिलं असेल. तेव्हा ते बरोबरही असेल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण बरेच पालक उलट बाजूनं घाबरून येतात. सात ते अकरा या वयात वरच्या मधल्या दोन दातांत फट असणं, दात पंख्यासारखे फाकलेले दिसणं, हे बहुतेक मुलांत निसर्गाचंच असतं. वरून सुळे खाली उतरतात तशी ती फट मिटत जाते. त्या फटीसाठी नवव्या वर्षी तारा लावायची घाई नको. मधला दात न दिसणं ही गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे.

आता तो दात अडकतो कशामुळे. तुमच्या मुलाचं कारण सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं आहे : वरच्या जबड्याच्या मध्यावर तयार झालेला जास्तीचा दात. मुलांमध्ये तो मुलींच्या साधारण दुप्पट आढळतो. त्याचे प्रकार असतात. एक छोटा, टोकदार, खुंटीसारखा. तो बरेचदा उलटा, नाकाकडे तोंड करून बसलेला असतो. तो मधल्या दातांत फट पाडतो किंवा त्यांना फिरवतो, पण वाट बंद करतोच असं नाही. दुसरा पिंपासारखा आखूड आणि जाड, वरच्या टोकाला दोन-चार उंचवटे असलेला. हा टाळूच्या बाजूला ठाण मांडून बसतो आणि खऱ्या दाताची वाट अडवतो. तुमच्या एक्स-रेत हा दुसरा प्रकार असण्याची शक्यता अधिक. कधीकधी दात नसतोच, दाताच्या दाण्यांची एक गाठ असते. कधी दुधाचा दात लहानपणीच पडून वरची हिरडी चिवट झालेली असते. आणि कधी लहानपणीची पडझड कारण असते. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण ते प्रकरण मोठं आहे.

आज संध्याकाळी एक करून बघा. हात स्वच्छ धुवा, मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि वरचा ओठ हलकेच वर उचला. हिरडीचे दोन रंग दिसतील. दातांच्या लगत फिकट गुलाबी, घट्ट, बोटानं न हलणारा पट्टा आणि त्याच्या वर लालसर, सैल, ओठाबरोबर हलणारी त्वचा. ही सीमा लक्षात ठेवा, ऑपरेशनच्या वेळी ती फार कामाची आहे. आता मोकळ्या जागेवरून करंगळी वर न्या. ओठ जिथे हिरडीला मिळतो त्या खाचेत वाटाण्याएवढा कडक उंचवटा लागतो का ते पाहा. मग टाळूच्या बाजूनं तेच करा. ओठाच्या बाजूला उंचवटा लागला तर दात बराचसा सरळ आणि समोर असण्याची शक्यता वाढते. दोन्हीकडे काहीच लागलं नाही तर तो अजून हाडात खोल आहे. एवढ्यावर निदान होत नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टर काय दाखवतायत ते तुम्हाला कळेल.

एक्स-रेबद्दल दोन शब्द. साधा एक्स-रे म्हणजे सावली. वर काहीतरी आहे हे त्यात दिसतं, पण ते ओठाकडे आहे की टाळूकडे हे कळत नाही, आणि सर्जनला नेमकं तेच हवं असतं. शंभर वर्षांहून जुनी एक युक्ती आहे. एकाच जागेचे दोन एक्स-रे काढायचे, दुसऱ्या वेळी एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवायची. एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो ना, तसंच. जी वस्तू नळीबरोबर सरकते ती टाळूच्या बाजूची, जी उलट जाते ती ओठाच्या बाजूची. बरेचदा एवढ्यावर भागतं. दात आडवा वाटला, मूळ वाकलेलं वाटलं किंवा शेजारच्या मुळाला तो टेकल्यासारखा दिसला, तर सीबीसीटी नावाचा तीन बाजूंनी चित्र देणारा स्कॅन करावा लागतो. तो करताना फक्त पुढच्या भागाचा, छोट्या क्षेत्राचा करून मागा. पूर्ण कवटीच्या स्कॅनची गरज नसते आणि मुलाला तेवढे जास्तीचे किरण कशाला? सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, म्हणजे ओपीजी, मात्र एकदा हवा, म्हणजे आणखी कुठे जास्तीचा दात लपलाय का, सुळे कुठे आहेत, हे समजतं.

तर खरा दात काढून का टाकायचा नाही? इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू. वाढत्या मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर खाली येतात, पण स्क्रू जिथे घातला तिथेच राहतो. तेराव्या वर्षी बसवला तर सोळाव्या वर्षी तो दात आखूड, वर राहिलेला दिसतो. म्हणून वाढ थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत, इम्प्लांट करता येत नाही. तुमच्या मुलाला तोवर आठ-दहा वर्षं काढघाल करायचा किंवा चिकटवलेला खोटा दात वापरावा लागेल. आणि या काळात जिथे दात नाही तिथलं हाड झिजत जातं. माझ्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. दहाव्या वर्षी त्याचा असाच अडकलेला दात दुसरीकडे कुठेतरी काढून टाकला होता. ओठ उचलला तर त्या जागी जबड्याची कड पुढून मागे इतकी पातळ झालेली की दोन बोटांच्या चिमटीत सुरीचं पातं धरल्यासारखं वाटलं. इम्प्लांटच्या आधी त्याला हाड भरायचं वेगळं ऑपरेशन करावं लागलं. स्वतःचा दात खाली आला तर तो आपलं हाड आणि आपली हिरडी बरोबर घेऊन येतो. हे काम बाहेरून आणलेली कोणतीही वस्तू तितक्या चांगल्या रीतीनं करत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. तीन कामं असतात : जागा करणं, अडथळा काढणं, दात ओढून आणणं. क्रम आणि वेळ मुलागणिक बदलते.

जागेचा हिशेब सोपा आहे. उजवा दात आलेला आहे, त्याची रुंदी मोजायची. मधला दात साधारण साडेआठ ते नऊ मिलिमीटर रुंद असतो. तेवढी मोकळी जागा डाव्या बाजूला हवी. शेजारचा छोटा दात कलल्यामुळे तुमच्या मुलाची ती जागा बहुधा पाच-सहा मिलिमीटरवर आली असेल. त्यासाठी सगळ्या दातांना तारा लावत नाही. मागच्या दोन पक्क्या दाढांना कडी आणि पुढच्या आलेल्या दातांना ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची चिकटवलेली छोटी पट्टी, एवढंच. मध्ये एक बारीक स्प्रिंग दाबून बसवतो, ती हळूहळू दोन दातांना दूर करते. इथे एक सावधगिरी लागते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या छोट्या दाताच्या मुळाशेजारीच वरून उतरणारा सुळा असतो. जागा करण्याच्या नादात त्या छोट्या दाताचं मूळ सुळ्याच्या अंगावर ढकललं तर मूळ झिजू शकतं. म्हणून स्प्रिंग लावण्याआधी सुळा कुठे आहे हे ओपीजीवर बघितलंच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. विचारल्याचा त्यांना राग येणार नाही.

अडथळा काढण्याचं काम तोंडाच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर करतात. जास्तीचा दात टाळूच्या बाजूला असेल तर टाळूकडून दातांच्या कडेकडेनं हिरडी मोकळी करून, थोडं हाड बाजूला करून तो काढतात. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो : आता खरा दात आपला आपण खाली येईल का? अडथळा गेला आणि जागा असली तर निम्म्याहून जास्त मुलांत तो येतो. पण कधी? सरासरी दीड वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त. सातच्या, आठच्या मुलात, दाताचं मूळ अर्धवट बनलेलं असताना, मी वर्षभर वाट बघते. अर्धवट मुळाच्या दातात खाली उतरण्याचा जोर असतो. तुमचा मुलगा साडेनऊचा आहे. या वयात मूळ बरंचसं पूर्ण होत आलेलं असतं आणि तो जोर ओसरत जातो. शिवाय आज अडथळा काढून वर्षभर थांबलो आणि दात आलाच नाही, तर दाताला छोटं बटण चिकटवून त्याला खाली ओढणारी साखळी लावण्यासाठी दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. म्हणून दात उंचावर असेल तर मी सर्जनला सांगते की त्याच बैठकीत साखळी लावून घ्या. याबाबत सगळ्यांचं एकमत नाही. वाट बघणारे डॉक्टर चुकतात असं मी म्हणणार नाही, पण एका मुलाला दोनदा ऑपरेशन टेबलावर नेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

साखळीचं काम जवळून सांगते, कारण सगळ्या प्रवासाचा भरवसा त्या दहा मिनिटांवर असतो. सर्जन हिरडीचा पडदा वर उचलतात, दातावरचं पातळ हाड सोलतात आणि मग त्या लालीत एकदम पांढरा चकचकीत ठिपका दिसतो. तो दाताचा पुढचा भाग. पूर्ण दात उघडा करायचा नसतो, बटण बसेल एवढीच खिडकी पुरते. जास्त हाड काढलं तर पुढे हिरडी वर सरकते. मग बारीक गॉज दाबून रक्त थांबवायचं. दात ओला राहिला तर काहीही चिकटणार नाही. त्यावर आम्लाचं जेल लावून अर्धा मिनिट ठेवायचं, धुवायचं, वाळवायचं, तो भाग खडूसारखा पांढरा झाला की तांदळाच्या दाण्याएवढं सोन्याचा मुलामा असलेलं बटण चिकटवायचं आणि निळ्या लाइटनं पक्कं करायचं. बटणाला बारीक कड्यांची साखळी असते. सर्जन ती ओढून बघतात, पक्की आहे ना म्हणून. मगच पडदा जागच्या जागी शिवून टाकतात. साखळीचं टोक हिरडीच्या कडेतून, म्हणजे जिथून दात नैसर्गिकपणे आला असता तिथून बाहेर काढतात आणि तारेला बांधून ठेवतात. मघाशी ओठ उचलून जे दोन रंग पाहिलेत ते इथे आठवा. दात फिकट, घट्ट हिरडीतूनच बाहेर आला पाहिजे. वरच्या लाल सैल त्वचेला नुसतं भोक पाडून दात बाहेर ओढला तर तो येईल, पण त्याच्या गळ्याशी घट्ट हिरडीचा पट्टाच नसेल, ब्रश केला की दुखेल, आणि हसताना तो दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसेल. हे मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या बाबतीत पाहिलं आहे. तिला पुढे हिरडीची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागली. दात फार उंच नसेल तर साखळी झाकून न टाकता हिरडीचा पट्टाच वर सरकवून शिवायची दुसरी पद्धत आहे. कोणती घ्यायची हे दाताच्या उंचीवर ठरतं.

आठ-दहा दिवसांनी टाके निघाले की ओढायला सुरुवात. लोकांना वाटतं खूप जोर लावत असतील. दहा रुपयांची पाच-सहा नाणी तळहातावर घ्या. एवढंच वजन, चाळीस-पन्नास ग्रॅम. याहून जास्त जोर लावून दात लवकर येत नाही, उलट मूळ झिजतं. दर तीन-चार आठवड्यांनी मुलगा येतो, साखळी ओढणारं रबर मी बदलते, साखळीची एखादी कडी कापली जाते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हा माझा ढोबळ हिशेब. दात दहा मिलिमीटर वर असेल तर वर्ष धरा. बाहेर किती कड्या दिसतात ते मुलाला आरशात मोजायला शिकवा. महिनाभरात एक कडी बाहेर आली की त्याला स्वतःलाच हुरूप येतो, मग रबर बदलताना कुरकुर होत नाही. बाहेरच्या कड्या वाढत नसतील, तर मला काळजी वाटायला लागते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

भुलेबद्दल. तुमची भीती मी रोज ऐकते आणि ती अगदी रास्त आहे. दात ओठाच्या बाजूला असेल, मुलगा शांत असेल, तर नुसत्या इंजेक्शनखाली, हवं तर नाकावर गॅस ठेवून, हे काम होतं. जास्तीचा दात टाळूत खोल असेल तर या वयात मी पूर्ण भूल बरी मानते, कारण साखळी चिकटवताना मूल जरा जरी हललं तरी रक्त लागतं आणि बटण सुटतं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, असा तो प्रकार असतो. लहान मुलांना नेहमी भूल देणारे भूलतज्ज्ञ आणि पूर्ण सोय असलेलं हॉस्पिटल, या दोन गोष्टींवर अडून बसा. आधीच्या आठवड्यात सर्दी-खोकला-ताप झाला तर लपवू नका, तारीख पुढे ढकला. दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. याबाबत तुमचे भूलतज्ज्ञ जे सांगतील ते अंतिम. आणि एक गोष्ट पालक हमखास विसरतात : या वयात एखादी दुधाची दाढ हलत असते. ती भूलतज्ज्ञांना आधी दाखवा.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस वरचा ओठ सुजतो. बघून घाबरायला होतं, पण ती सूज उतरते. पहिले दोन दिवस दहीभात, गार दूध, आईस्क्रीम. मग आठवडाभर मऊ खिचडी, वरणभात, लापशी. पुढच्या दातांनी पेरू-सफरचंद तोडणं, ऊस, चिक्की, कडक चकली हे साखळी असेपर्यंत बंद. फळं फोडी करून मागच्या दाढांनी खायला हरकत नाही. टाके असेपर्यंत डॉक्टर देतील त्या औषधानं चुळा, बाकी दातांना मऊ ब्रश. जीभ साखळीकडे जाणारच, त्यावरून ओरडू नका, बोटानं ओढू नको एवढं सांगा.

शाळेचाही विचार करा. नऊ-दहाच्या मुलांना वर्गातली थट्टा फार लागते. जागा तयार झाली की मी तारेवरच एक खोटा दात अडकवून देते. हिरडीला न टेकणारा, फक्त दिसण्यापुरता. स्नेहसंमेलनाच्या आधी हा दात मागायला मुलं स्वतः येतात. खरा दात खाली येईल तसा तो मी घासून छोटा करत जाते.

काय बिघडू शकतं हे आधीच सांगितलेलं बरं. बटण सुटू शकतं, साखळी तुटू शकते. तेव्हा हिरडी पुन्हा उघडावी लागते. हे कुणाच्याही हातून होऊ शकतं, म्हणून आधी विचारून ठेवा की तसं झालं तर काय करणार आणि खर्चाचं काय. दाताची नस मरून रंग बदलू शकतो, मग रूट कॅनाल. मूळ थोडं आखूड राहू शकतं. सगळ्यांत अवघड म्हणजे दात हाडाला चिकटलेला असणं. तेव्हा दात हलत नाही, उलट तारेतले शेजारचे दात वर ओढले जातात आणि पुढून तोंड मिटेनासं होतं. म्हणून दर भेटीला मी दात किती खाली आला याबरोबर शेजारी किती वर गेले हेही मोजते. तीन-चार महिने काहीच हालचाल नसेल तर नुसता जोर वाढवत बसणाऱ्याला थांबवा आणि पुन्हा तपासणी मागा. सुदैवानं मुलांमध्ये, अडथळा काढलेल्या सरळ दातात, हे क्वचित होतं.

आता ती पडझड. तुमचा मुलगा दोन ते चार वर्षांचा असताना तोंडावर पडला होता का, हे घरात सगळ्यांना विचारा. आजी-आजोबांना हमखास आठवतं. दुधाच्या दाताच्या मुळाशी टाळूच्या बाजूला पक्क्या दाताची कळी तयार होत असते. मार लागून दुधाचा दात हिरडीत वर घुसला तर तो त्या कळीवर आदळतो. कळी फिरते आणि पुढचं मूळ वाकडं बनत जातं. माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आली होती. तीन वर्षांची असताना ओट्यावरून पडली, दात आत गेला, काही महिन्यांनी आपोआप खाली आला, सगळे विसरले. स्कॅनमध्ये पक्का दात पूर्ण उलटा वळलेला दिसला. चावायची कड नाकाकडे आणि टाळूकडचा भाग ओठाकडे. आम्हाला बटण त्याच्या मागच्या बाजूला चिकटवावं लागलं, कारण समोर तीच होती. चौदा महिने लागले. आधी दात पुढे वळवायचा, मग खाली. मुळाचं वाकडं टोक पुढे हिरडीखाली बोटाला लागायला लागलं, तेव्हा रूट कॅनाल करून तेवढं टोक कापलं. दात आज जागेवर आहे. आठव्या वर्षी मूळ अजून बनत होतं, म्हणून उरलेलं मूळ बऱ्यापैकी सरळ वाढलं. तीच मुलगी बाराव्या वर्षी आली असती तर मी कदाचित हात लावला नसता. मूळ कुठे आणि किती वाकलंय यावर सगळं असतं. असे काही दात खरोखरच काढावे लागतात, तेव्हा शेजारचे दात सरकवून जागा भरणं किंवा त्याच मुलाची उपदाढ काढून पुढे लावणं, असे मार्ग आहेत. तुमच्या मुलाच्या प्रश्नात यातलं काही दिसत नाही, पण विचारून घ्या.

दात जागेवर आला की काम संपत नाही. ओढून आणलेला दात वर परत जायला बघतो. म्हणून मागच्या बाजूनं न दिसणारी बारीक तार चिकटवून ठेवतो. बारा-तेराव्या वर्षी, सगळे पक्के दात आल्यावर, बहुधा उरलेल्या दातांना नेहमीच्या तारा लागतील. हे आजच माहीत असू द्या, म्हणजे तेव्हा 'पुन्हा तारा?' असं वाटणार नाही. आणि वयाच्या दहाव्या वर्षानंतर दर भेटीला सुळ्यांकडेही लक्ष ठेवायला सांगा. अडकण्याची सवय त्यांनाही असते, आणि योग्य वेळी नुसता दुधाचा सुळा काढला तरी बरेचदा पक्का सुळा वाटेवर येतो.

कुठे जायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. या कामाला तारा लावणारे आणि शस्त्रक्रिया करणारे असे दोन तज्ज्ञ लागतात आणि दोघांनी ऑपरेशनच्या आधी एकमेकांशी बोललेलं असलं पाहिजे. बटण कुठे चिकटवायचं, साखळी कुठून काढायची, हे तारा लावणाऱ्यानं ठरवायचं असतं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात. रांग असते, हेलपाटे पडतात, पण काम मन लावून होतं. जाताना आतापर्यंतचे सगळे एक्स-रे आणि मुलाचे दुसरीच्या वर्गातले हसतानाचे फोटो घेऊन जा. कुठला दात कधी आला हे त्या फोटोंवरून आम्हाला अचूक कळतं.

आणि धाकटीबद्दल. जास्तीचा दात घराण्यात चालतो, भावाला असला तर बहिणीतही बघावं लागतं. तिला आत्ता एक्स-रे नको. तिचा वरचा पहिला पुढचा दात ज्या दिवशी हिरडीतून डोकावेल, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. पुढे सहा पानं उलटून तिथे पेन्सिलनं एक खूण करा. त्या दिवशी ओठ उचलून बघायचं, दुसरा आलाय का.